मोबाइलची रेंज, बँड, टॉवर आणि ५जी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"रेंज नाही" ही तक्रार एकच, पण तिच्यामागची दुखणी चार: सिग्नल कमी, गोंगाट जास्त, टॉवरवर गर्दी, किंवा टॉवरला मागून येणारी लाइनच बंद. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. म्हणून सिम बदलण्याआधी किंवा फोनला दोष देण्याआधी नेमकं कोणतं दुखणं आहे ते ओळखायला शिकावं. खालची बरीचशी उत्तरं त्यासाठीच आहेत.

प्र. पूर्ण दांड्या दिसतात, तरी नेट का चालत नाही?

किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, याचा सगळ्या फोनना लागू असलेला नियम नाही. प्रत्येक कंपनी आपलं कोष्टक वापरते. एकाच टेबलावर, एकाच कंपनीचं सिम घातलेल्या दोन फोनपैकी एकावर चार दांड्या आणि दुसऱ्यावर दोन, हे नेहमीचं आहे.

शिवाय दांड्या फक्त टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतो तेवढंच सांगतात. तुमचा आवाज तिथे पोचतो की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. टॉवरवरचा एक ४जी सेल (एका दिशेला, एका बँडवर झोत टाकणारा टॉवरचा भाग) साधारण ४० वॉटने प्रक्षेपण करतो आणि फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटने, म्हणजे दोनशे पटींचा फरक. टॉवरचा अँटेना मोठा आणि रिसीव्हर तिखट कानाचा असल्यामुळे ही तूट बरीच भरून निघते, पण सेलच्या कडेला निघत नाही. तुम्हाला समोरच्याचं स्वच्छ ऐकू येतं आणि तो मात्र "हॅलो, हॅलो" करत बसतो, तो कॉल या जातीचा.

प्र. मग खरा आकडा कुठे बघायचा?

अँड्रॉइडवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाका आणि फोन माहितीचं पान उघडा. सॅमसंगवर *#००११# चालतो, आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून कॉलचं बटण दाबा. काही कंपन्यांनी हे कोड बंद केले आहेत. तिथे नेटमॉन्स्टर किंवा सेलमॅपर यांसारखं अ‍ॅप घ्या. ही अ‍ॅप लोकेशन मागतात, कारण लोकेशन चालू नसेल तर अँड्रॉइड सेलची माहिती अ‍ॅपला देतच नाही. "अ‍ॅप रिकामं दिसतं" या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

प्र. तिथे दिसणारे आरएसआरपी, एसआयएनआर कसे वाचायचे?

आरएसआरपी म्हणजे टॉवरच्या खुणेच्या सिग्नलची ताकद. ती उणे आकड्यात येते आणि शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. −८० डीबीएमच्या (एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद) वर उत्तम, −९५ पर्यंत चांगली, −१०५ पर्यंत कामचलाऊ. −११० च्या खाली गेलात की खोलीतून खोलीत जातानाही कॉल तुटू शकतो, आणि −१२० ला फोन नेटवर्क सोडायच्या बेतात असतो.

एसआयएनआर म्हणजे कामाचा सिग्नल आणि आजूबाजूचा गोंगाट यांतला फरक. २० डेसिबलच्या वर असेल तर झकास, १० ते २० ठीक, ० ते १० मध्ये नेट रांगतं, आणि शून्याखाली असेल तर आरएसआरपी कितीही चांगला असू द्या, उपयोग नाही.

डेसिबलचं गणित तोंडपाठ असू द्या: ३ ने घट म्हणजे ताकद निम्मी, १० ने घट म्हणजे एक दशांश, २० ने घट म्हणजे एक शतांश. −९० आणि −१०० यांत "दहाचाच तर फरक" नाही, दहा पटींचा फरक आहे. −१०० डीबीएम म्हणजे एका मिलिवॉटचा एक हजार कोटीवा भाग, आणि एवढ्यावर व्हिडिओ चालतो.

प्र. हा आकडा येतो कुठून? हिशोब करून दाखवता येईल का?

येईल, आणि वायरलेस शिकणाऱ्याने हा हिशोब एकदा तरी कागदावर करावाच.

१८०० मेगाहर्ट्झवरचा, २० मेगाहर्ट्झ रुंदीचा ४जी सेल घ्या. प्रक्षेपण ४० वॉट, म्हणजे ४६ डीबीएम. ही ताकद १२०० उपवाहकांमध्ये, म्हणजे पट्ट्याच्या बारीक फ्रिक्वेन्सी-फाकांमध्ये, वाटली जाते. १२०० चे डेसिबल ३०.८, म्हणून एका उपवाहकाच्या वाट्याला सुमारे १५ डीबीएम. अँटेना ताकद एका दिशेला एकवटतो, ती वाढ १७ डेसिबल धरली की झाले ३२.

आता वाटेतली घट. मोकळ्या जागेचं सूत्र: ३२.४४ + २० लॉग (किलोमीटर) + २० लॉग (मेगाहर्ट्झ). एक किलोमीटरला १८०० मेगाहर्ट्झवर ती ९७.५ येते. ३२ मधून वजा केली की उरतात −६५.५. टॉवर समोर दिसत असलेल्या गच्चीवर साधारण असाच आकडा मिळतो. खाली घरात आलात की स्लॅब आणि दोन भिंतींनी मिळून ३० डेसिबल खाल्ले, तर −९५. गच्चीवर झकास आणि स्वयंपाकघरात कामचलाऊ, याचा उलगडा इथे होतो.

हिशोबात हमखास होणारी चूक म्हणजे ४६ डीबीएम तसेच्या तसे धरणे. आरएसआरपी एका उपवाहकाचा असतो, पूर्ण सेलचा नाही. ते ३०.८ वजा करायचे राहिले की उत्तर हजार पटींहून जास्त चुकतं.

प्र. बँड म्हणजे काय? कोणत्या कंपनीकडे कोणते आहेत?

बँड म्हणजे ठरवून दिलेला फ्रिक्वेन्सीचा पट्टा. भारतात ४जीसाठी प्रामुख्याने बँड ५ (८५०), बँड ८ (९००), बँड ३ (१८००), बँड १ (२१००), बँड ४० (२३००) आणि बँड ४१ (२५००) वापरात आहेत. जिओची मदार ३, ५ आणि ४० वर. एअरटेल आणि व्हीआय यांची १, ३, ८ आणि वरच्या टीडीडी बँडवर (पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने, जसे ४० आणि ४१). बीएसएनएलच्या ४जीत बँड २८ (७००) आणि बँड १ आहेत. ५जीचा मुख्य पट्टा एन७८, म्हणजे ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा, आणि जिओकडे त्याशिवाय ७०० मेगाहर्ट्झचा एन२८ आहे.

खालचा बँड लांब जातो, भिंतीत शिरतो, पण अरुंद असतो. वरचा रुंद असतो, भरपूर डेटा वाहतो, पण लवकर दमतो. वरच्या सूत्रात ७०० आणि ३५०० घालून बघा: अंतर तेच, तरी १४ डेसिबलचा फरक. भिंतींची घट त्याहून वेगळी.

परदेशातून फोन आणणार असाल तर त्याची बँडची यादी आधी तपासा. अमेरिकेसाठी बनवलेल्या काही मॉडेलांत बँड ४० नसतो. असा फोन इथे चालतो, कॉलही लागतात, पण गर्दीच्या वेळी बाकीच्यांचे फोन ज्या रुंद पट्ट्यावर सरकतात तिथे तो जाऊ शकत नाही. मग "त्याच सिमवर भावाच्या फोनला स्पीड येतो, मला नाही" हे कोडं पडतं.

प्र. मुंबईचं सिम आणि महाराष्ट्राचं सिम वेगळं कसं?

परवान्यांसाठी देशाचे २२ भाग पाडले आहेत. मुंबई हे स्वतंत्र सर्कल आणि त्यात ठाणे, नवी मुंबईही येतात. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं सर्कल. म्हणून सावंतवाडीहून पणजीला जाताना सर्कल बदलत नाही, पण चंदगडहून बेळगावला गेलात की कर्नाटक सर्कल लागतं. सीमेवरच्या गावांत फोन कधी या बाजूचा टॉवर धरतो, कधी त्या. वाईट पकडला असेल तर सेटिंगमध्ये ऑपरेटर निवड हाताने करून बघा. मात्र गाव सोडताना ती परत आपोआपवर टाका, नाहीतर पुढच्या मुक्कामी फोन मुका.

प्र. किल्ल्यावर, डोंगरमाथ्यावर पूर्ण रेंज दिसते आणि तरी काही उघडत नाही. का?

कारण तिथून फार टॉवर दिसतात. टॉवरची योजना अशी असते की प्रत्येकाचा झोत किंचित खाली झुकवून आपल्या वस्तीपुरता ठेवायचा. मध्ये टेकड्या, इमारती असतात, त्यामुळे शेजारचे सेल एकमेकांना फारसे ऐकू येत नाहीत. राजगडाच्या बालेकिल्ल्यासारख्या जागी हे आडोसे संपतात. चारी बाजूंच्या खोऱ्यांतले सेल जवळपास सारख्याच जोराने येतात, सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर. आरएसआरपी −८५, एसआयएनआर मात्र शून्याच्या आसपास. फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो आणि बॅटरीही त्यातच संपते.

उपाय साधा आहे: कड्यावरून मागे या, खडकाच्या किंवा तटबंदीच्या आडोशाला जा, म्हणजे एका बाजूचेच टॉवर उरतील. दांड्या कमी होतील, नेट सुरू होईल. संदेश पाठवायचा असेल तर साधा एसएमएस आधी करून बघा.

घाटात, दरीच्या पोटात उलट असतं. तिथे टॉवर डोंगराआड जातो आणि फक्त कड्यावरून वाकून आलेला क्षीण सिग्नल उरतो. ८५० किंवा ९०० वाकून येतो, ३५०० जवळपास नाहीच.

प्र. टॉवर जास्तीत जास्त किती लांब पोचतो?

२जीला घड्याळाची मर्यादा आहे. सिग्नल यायला लागणारा वेळ फोन सुमारे ५५० मीटरच्या पायऱ्यांनी भरून काढतो आणि अशा पायऱ्या ६३ च आहेत. हिशोब ३५ किलोमीटरला संपतो. पुढे सिग्नल ऐकू आला तरी नेहमीच्या मांडणीत कॉल लागत नाही. ४जीत ही मर्यादा १०० किलोमीटरपर्यंत नेता येते, पण मग पृथ्वीची गोलाई आडवी येते. ४० मीटर उंच टॉवरचं रेडिओ क्षितिज साधारण २६ किलोमीटर. समुद्रात होडीवर उभ्या माणसाच्या उंचीने त्यात पाचेक किलोमीटरची भर पडते. शहरात मात्र सेल काहीशे मीटरचेच असतात, गर्दी वाटून घ्यायला.

प्र. घरात रेंज येत नाही, बूस्टर लावू का?

नको. बाजारात मिळणारे रिपीटर, म्हणजे लोकांच्या भाषेत बूस्टर, ऑपरेटरच्या परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे आणि त्यामागे तांत्रिक कारणही पक्कं आहे. रिपीटर तुमच्या फोनचा सिग्नल वाढवतो तसा स्वतःचा गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतो. टॉवरचा कान त्या गोंगाटाने भरतो आणि कडेला असलेल्या सगळ्यांचे कॉल तुटू लागतात. बाहेरचा आणि आतला अँटेना जवळजवळ असतील तर तो स्वतःचंच ऐकून किंचाळू लागतो, लाउडस्पीकरसमोर माइक धरल्यासारखा. अशी यंत्रं शोधून जप्त केली जातात.

त्याऐवजी या क्रमाने जा. आधी घरभर फिरून आकडे लिहून घ्या. खिडकीत −९० आणि आत −११५ असेल तर भिंतींचा दोष आहे, टॉवरचा नाही. पत्र्याचं छप्पर, आरशासारखी काच आणि जाड जांभ्याच्या भिंती यांत सर्वाधिक मार बसतो. मग वाय-फाय कॉलिंग चालू करा. खिडकीतही −११५ असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम घालून तेच आकडे घ्या, आणि त्या कंपनीचा आकडा निदान १० ने चांगला असेल तरच पोर्ट करा. पोर्टसाठी १९०० वर PORT हा शब्द रोमन अक्षरांत, जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस जातो. येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो.

प्र. वाय-फाय कॉलिंगमध्ये आवाज तुटतो.

राउटर २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकीच एक चॅनेल ठेवा. बाकीचे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांवर चढतात. फोन आणि राउटर एकाच खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. सोसायटीत वीस राउटर दिसत असतील तर तोच एक मार्ग.

प्र. रात्री नऊनंतर स्पीड पडतो, सकाळी व्यवस्थित असतो.

ही गर्दी. ओळखायची खूण अशी: आरएसआरपी सकाळचाच असतो, स्पीड मात्र कोसळलेला. २० मेगाहर्ट्झच्या ४जी सेलमध्ये दर मिलिसेकंदाला वाटायला १०० ठोकळे असतात, तेवढेच सगळ्यांना. दोन अँटेनांच्या साध्या मांडणीत त्या सेलची एकूण क्षमता १५० एमबीपीएस, तीही सगळ्यांचा सिग्नल उत्तम असेल तेव्हा. कडेला बसलेला एक माणूस व्हिडिओ बघू लागला की तेवढ्याच डेटासाठी तो कितीतरी जास्त ठोकळे खातो.

वरच्या बँडवर जागा रिकामी असू शकते. खिडकीजवळ बसलं की फोन तिकडे सरकतो. आणि हो, ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट. बिट आणि बाइट यांत आठ पटींचा फरक आहे, फसवणूक नाही.

प्र. वर ५जी लिहिलेलं येतं, पण स्पीड ४जीचाच. का?

भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं आणि सुरुवातीपासूनच दोन पद्धतींनी. एअरटेलने नॉन-स्टँडअलोन पद्धत घेतली: फोन आधी ४जीचा हात धरतो आणि ५जी वरून जोडलं जातं. जिओने स्टँडअलोन घेतली: ४जीच्या आधाराशिवाय चालणारी. पहिल्या पद्धतीत "या ४जी सेलला ५जी जोडता येतं" एवढं कळलं तरी बरेच फोन खूण दाखवतात, मग प्रत्यक्षात ५जी जोडलेलं असो वा नसो. वर सांगितलेल्या फोन माहितीच्या पानावर एनआर (५जी रेडिओचं तांत्रिक नाव) या नावाखाली आकडे येत असतील तरच ते खरं.

एन७८ वर एक वाहक, म्हणजे एका सेलचा सलग पट्टा, १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असतो, ४जीत २० च्या वर जात नाही. वेग येतो तो प्रामुख्याने या रुंदीतून. दोन भिंतींआड गेलात की हा पट्टा सुटतो.

प्र. फोन ४जी आहे, नेट चालतं, पण कॉल आला की ४जी जातं किंवा कॉल लागतच नाही.

व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, बंद आहे. ते बंद असलं की एअरटेल, व्हीआयवर फोन कॉलपुरता २जीवर उतरतो. जिओकडे २जी, ३जी नाहीच, म्हणून तिथे कॉल लागतच नाही. सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. व्होल्टीवर आवाज ५० ते ७००० हर्ट्झ जातो, जुन्या कॉलमध्ये ३०० ते ३४००. फरक कानाला लगेच कळतो.

प्र. पावसाळ्यात रेंज का जाते?

मोबाइलच्या फ्रिक्वेन्सीला पावसाचे थेंब फारसं काही करत नाहीत. ७०० मेगाहर्ट्झची लहर ४३ सेंटिमीटर लांब, ३५०० ची साडेआठ. थेंब त्यापुढे किरकोळ. मार बसतो तो दोन ठिकाणी.

एक, टॉवरला मागून जोडणारा दुवा. गावातल्या टॉवरला फायबर नसेल तर डोंगरापलीकडच्या टॉवरशी तो गोल तबकडीने, १५ ते २३ गिगाहर्ट्झवर बोलतो. इथे लहर एक-दोन सेंटिमीटरची आणि धो-धो पाऊस तिला चांगलाच खातो. तेव्हा फोनवर दांड्या पूर्ण, नेट शून्य.

दोन, वीज. टॉवर ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर काही तास तगतो, पुढे डिझेल लागतं. रस्ता खचला की डिझेल पोचत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांबच आडवे झाले, आणि वीज नाही म्हटल्यावर फोनही गेले. अशा वेळी आसपासच्या सगळ्या टॉवरची रेंज हळूहळू, एकेक करून जाते, कारण प्रत्येकाची बॅटरी वेगळ्या वेळी संपते.

प्र. मराठीत पाठवलेल्या एसएमएसचे तुकडे का होतात?

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. साध्या इंग्रजी अक्षरांना ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला प्रत्येक घटकामागे १६ बिट लागतात, म्हणून ७०. संदेश लांबला की जोडणीच्या माहितीसाठी जागा जाते आणि प्रत्येक तुकड्यात ६७ उरतात.

आणि हे ७० म्हणजे आपण मोजतो ती अक्षरं नव्हेत. मात्रा, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. "स्त्री" हे एक अक्षर, पण घटक सहा: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. "राष्ट्रीय" मध्ये नऊ. पतसंस्था, शाळा, सोसायट्या यांना घाऊक एसएमएस पाठवताना तुकड्यामागे पैसे पडतात, तेव्हा मजकूर ७० घटकांत बसवला तर खर्च निम्मा होतो. इंग्रजी संदेशात एक इमोजी किंवा वाकडं अवतरणचिन्ह घुसलं तरी तो सगळाच ७० च्या हिशोबात जातो.

प्र. टॉवरच्या रेडिएशनचं काय?

२०१२ साली भारताने आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश मर्यादा लागू केली: ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे ०.४५ वॉट. ४० वॉट आणि १७ डेसिबलचा अँटेना घेतला तर थेट झोतात ५० मीटरवर एका सेलचे सुमारे ०.०६ वॉट येतात. टॉवरच्या पायथ्याशी त्याहून बरेच कमी, कारण झोत वरून पुढे जातो. समोरच्याच उंचीची, अगदी जवळची गच्ची असेल तर मात्र मोजणी मागणं रास्त आहे. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर ती सोय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना "कदाचित कर्करोगकारक" या २बी गटात ठेवलं, म्हणजे पुरावा मर्यादित.

शरीराला जास्तीत जास्त मिळतं ते कानाला लावलेल्या फोनमधून, आणि टॉवर लांब असेल तर फोन पूर्ण ताकदीने बोलतो. टॉवर हटवला की हा डोस वाढतो. फोनची शोषण मर्यादा किलोमागे १.६ वॉट आहे, *#०७# टाकून आपल्या फोनची बघता येते.

प्र. "तुमच्या गच्चीवर टॉवर बसवतो, आधी नोंदणी फी भरा" असा फोन आला.

फसवणूक. टॉवरसाठी जागा घेणारी कंपनी भाडं देते, घेत नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, असं कोणतंही ना-हरकत पत्र देत नाही.

प्र. हे सगळं नीट शिकायचं असेल तर सुरुवात कुठून? ईअँडटीसीचा डिप्लोमा चालू आहे.

आधी डेसिबल, मग वरचा हिशोब, मग एक महिनाभर रोजच्या रस्त्यावर सेलची नोंद. अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या ४जी सेल क्रमांकाला २५६ ने भागा. भागाकार म्हणजे टॉवर, बाकी म्हणजे त्यावरचा सेल. क्रमांक १२३४५६०३ असेल तर टॉवर ४८२२५ आणि सेल ३. दोन नोंदींत टॉवर तोच आणि बाकी वेगळी आली की तुम्ही त्याच टॉवरच्या दुसऱ्या बाजूला किंवा दुसऱ्या बँडवर गेलात.

मग घरच्या लिनक्स मशीनवर एसआरएसरॅन या मुक्त सॉफ्टवेअरचं ४जी पॅकेज चढवा. त्यात कोअर (जाळ्याचा मध्यवर्ती भाग), टॉवर आणि फोन, तिन्ही सॉफ्टवेअर आहेत, आणि झीरोएमक्यू (प्रोग्रामांमध्ये संदेश नेणारी लायब्ररी) वापरलं तर रेडिओ न घेता तिन्ही एकाच मशीनवर बोलतात. क्रम पाळा: आधी कोअर, मग टॉवर, शेवटी फोन. अडायच्या जागा दोन. सिमची गुप्त किल्ली फोनच्या फाइलमध्ये आणि कोअरच्या यादीत अक्षरशः सारखी हवी, नाहीतर ओळख पटवण्यावर गाडी थांबते. आणि फोनला वेगळी नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे लिनक्समधलं स्वतंत्र जाळं, द्या. नाही दिली तर पिंग मशीनच्या आतल्या आतच फिरून येतं आणि जाळं चालतंय असा भास होतो. वायरशार्क या जाळ्यातले संदेश दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये जोडणीचे संदेश एकेक करून वाचले की पुस्तकातली आकृती डोक्यात बसते. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपी या संस्थेची मूळ मानकं फुकट मिळतात: ३६ ने सुरू होणारी ४जीची, ३८ ने सुरू होणारी ५जीची. एनपीटीईएलवर वायरलेसचे अभ्यासक्रमही फुकट आहेत.

प्र. खरोखर हवेतून काही पाठवून बघायचं आहे. चालेल?

मोबाइलच्या बँडवर नाही, अगदी दोन मिलिवॉटनेही नाही. त्यासाठी परवाना लागतो. विनापरवाना पट्टे आहेत: २.४ गिगाहर्ट्झ, ५ गिगाहर्ट्झचे ठरावीक भाग आणि ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ. लोरा (कमी विजेत लांब पल्ल्याचा रेडिओ) मॉड्यूल घेताना ८६८ चं मागा आणि सॉफ्टवेअरमध्ये भारताचा पट्टा निवडा. स्वस्त मिळतं म्हणून ९१५ चं घेऊ नका, तो अमेरिकेचा पट्टा आहे आणि इथे त्याच भागात मोबाइलची ९०० ची फ्रिक्वेन्सी आहे. अँटेना जोडल्याशिवाय मॉड्यूल चालू करू नका. ताकद परत फिरून प्रक्षेपणाची चिप जळते. सोबत मिळणारा स्प्रिंगचा अँटेना काढून ८.६ सेंटिमीटरची सरळ तार लावली तरी पल्ला वाढतो, कारण ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग तेवढाच येतो.